दारू सुटली, पण लिव्हरची धास्ती जात नाही आणि कशात मन लागत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४६. पंधरा-सोळा वर्षं दारू, शेवटची काही वर्षं रोज हाफच्या आसपास. व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेतले, दारू बंद होऊन आता आठ महिने झाले. प्यायची ओढ फारशी नाही. पण उजव्या बरगडीखाली टोचतं, पायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, आणि ‘लिव्हर गेलंय, मला कुणी सांगत नाही एवढंच’ हा विचार डोक्यातून जात नाही. दर पंधरा दिवसांनी ते रक्त तपासून घेतात. रात्री मोबाईलवर सिरॉसिसबद्दल, म्हणजे लिव्हर घट्ट आणि गाठाळ होण्याच्या आजाराबद्दल, वाचत बसतात. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, हार्डवेअरचं दुकान धाकटा भाऊच चालवतो. बायको म्हणते, “आता पीत नाही ना, मग आता काय झालं?” शेवटी त्यांनी विचारलंय, “एवढं करून असंच वाटणार असेल, तर सोडून मिळवलं काय?”

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम व्यसनमुक्तीचं आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात गंभीरपणे घेते. पहिल्या महिन्यात माणूस तलफेमुळे पितो. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा प्यायलेले जे लोक माझ्याकडे येतात, त्यांतले बरेच जण तलफेबद्दल बोलतच नाहीत. ‘काही अर्थच वाटेना’ असं सांगतात. म्हणून तुम्ही हे विचारलंत, ते मनात ठेवलं नाहीत, याचं मला बरं वाटलं. आणि ओढ नाही म्हणून धोका नाही, असं मात्र समजू नका.

आधी लिव्हर, कारण तोवर तुमचं दुसरीकडे लक्ष लागणार नाही.

तुम्ही पाठवलेले आकडे असे आहेत. जीजीटी, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारी द्रव्यं. केंद्रात दाखल होताना जीजीटी ३४०, आता ६४. एसजीओटी ३४, एसजीपीटी ३८. प्लेटलेट २ लाख ३० हजार. एमसीव्ही आधी १०४ होता, आता ९१. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. लिव्हरचं काम नीट चाललंय का ते सांगणारे अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन ठीक. यातला एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार. रोज पिणाऱ्याच्या पेशी फुगलेल्या असतात, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे दारू सुटल्यावरही हा आकडा तीन-चार महिने वरच राहतो, जुन्या पेशी गेल्या की खाली येतो. तुमचा आलाय. म्हणजे ज्या रक्ताने दारू पाहिली ते आता तुमच्या अंगात उरलेलंच नाही. जीजीटी निम्मा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून दर पंधरवड्याला तपासून हाती काहीच लागत नाही. ६२ चा ६४ होतो, तुमची झोप उडते, आणि तेवढा फरक तर एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या रक्तातही पडतो.

आता एक गणित तुम्ही स्वतः करा. वयाला एसजीओटीने गुणा: ४६ गुणिले ३४, म्हणजे १५६४. मग प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे २३०, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणा. ३८ चं वर्गमूळ सुमारे ६.१६, गुणाकार साधारण १४१८. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.१ येतात. याला एफआयबी-४ म्हणतात. लिव्हरमध्ये जखमेच्या वणासारखं घट्ट जाळं किती झालं असेल, याचा अंदाज लावायला डॉक्टर हे वापरतात. १.३ च्या खाली असेल तर गंभीर इजेची शक्यता कमी धरतात. हे निदान नाही, पहिली चाळणी आहे. तुम्ही पंधरा वर्षं प्यायलात, म्हणून पोटविकारतज्ज्ञांना विचारून एकदा फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी, करून घ्या. पिणं चालू असताना किंवा नुकतंच थांबलेलं असताना लिव्हरला सूज असते आणि त्यात आकडा खोटा चढलेला दिसतो. आठ महिन्यांनंतर केलेला जास्त भरवशाचा.

आणि समजा त्यात काही निघालं, तरी ‘गेलं’ असं नसतं. सिरॉसिस झालेल्यांमध्येही दारू पूर्ण बंद ठेवणारे जास्त जगतात. पोटात पाणी झालेल्या अवस्थेतून सावरून लिव्हर बदलायच्या यादीतून नाव निघालेले लोकही आहेत. लिव्हरच्या या आजारात दारू न पिणं हाच मुख्य उपचार, आणि तो तुमचा आठ महिन्यांपासून चालू आहे.

मग अजूनही फॅटी लिव्हर का? दारूमुळे साठलेली चरबी बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत उतरते. तुम्ही लिहिलंय की वजन नऊ किलो वाढलंय, जेवणानंतर गोड लागतं आणि दुकानावर गेलात की चहा चालूच असतो. दारू सुटल्यावर गोडाची ओढ वाढते, हे पुष्कळांचं होतं. पहिले दोन महिने मी त्याला हरकतही घेत नाही. पेढा खाऊन संध्याकाळ निभावत असेल तर खावा. पण आठव्या महिन्यात तुमच्या लिव्हरवर जी चरबी आहे ती बहुधा पोटाच्या घेराची आणि साखरेची आहे. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) करून घ्या. वजन सात-आठ टक्क्यांनी उतरलं तरी चरबीत चांगला फरक पडतो.

बरगडीखालच्या टोचण्याबद्दल. लिव्हरच्या आत वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात, फक्त बाहेरच्या आवरणाला असतात. त्यामुळे लिव्हरचं दुखणं असलं तर जड-जड वाटतं, सुई टोचल्यासारखं सहसा नसतं. तुमचं बोटाने दाबून दाखवता येतं, कुशी बदलली की हलतं, गॅस सुटला की थांबतं. हे स्नायूचं आणि आतड्याचं वर्णन आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडेही नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पंधरा वर्षं तुमचं शरीर रोज रात्री बधिर होत होतं आणि सकाळची प्रत्येक तक्रार ‘हँगओव्हर’ या एकाच खात्यात जमा होत होती. आता दुखणं, फडफडणं, जळजळणं सगळं जसंच्या तसं जाणवतंय. शिवाय मन सारखं तिथेच लागलेलं, त्यामुळे साधी जाणीवही मोठी होते. धडधड झाली की घाबरायचं, घाबरलं की आणखी धडधडतं. मग रिपोर्ट काढायचा. नॉर्मल आला की दोन-तीन दिवस बरं वाटतं, मग ‘लॅबची चूक असेल तर?’ येतंच. संध्याकाळी अस्वस्थ झालं की क्वार्टर, आणि आता अस्वस्थ झालं की रिपोर्ट. दिलासा तसाच झटपट मिळतो आणि तसाच उतरतो. तुम्हाला दोष द्यायला हे सांगत नाही. मेंदूला ही वाट पाठ आहे आणि ती बदलता येते, म्हणून सांगतेय.

बदलायची कशी? भीतीला तारीख द्या. फायब्रोस्कॅन आणि वर सांगितलेल्या तपासण्या याच महिन्यात एकदा करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, त्यांच्याकडून पुढची तारीख घ्या. सगळं ठीक असेल तर ती बहुधा सहा महिन्यांनंतरची असेल. मधल्या काळात ‘लिव्हर’ मनात आलं की वहीत एक ओळ लिहायची: काय जाणवलं, किती वाजता, त्याआधी काय झालं होतं. ती वही त्या तारखेला डॉक्टरांना दाखवायची. लॅबमध्ये जायचं नाही. मोबाईल रात्री नऊनंतर वहिनींकडे. पहिले दोन-तीन आठवडे अस्वस्थता वाढेल, मग ती आपोआप उतरायला लागते. नाहीच उतरली तर रोगभीतीसाठी वेगळा मानसोपचार असतो आणि तो चांगला लागू पडतो. तो मागायला संकोचू नका.

काही लक्षणांना मात्र तारखेची वाट बघायची नाही. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होणं, पोट फुगत जाणं, पायांवर सूज, बोलण्यात गोंधळ किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं चक्र. चालताना, जिना चढताना छातीत दाटून येणं किंवा घाम फुटून छाती दुखणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. तंबाखू चालू असेल, आणि दारू सोडलेल्यांत ती फार जणांची चालू असते, तर तोंडातला दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा चट्टा किंवा तोंड कमी उघडणं ताबडतोब दाखवा. तुम्ही लिव्हरची एवढी काळजी करता आणि पत्रात तंबाखूबद्दल एक ओळही नाही. खात असाल तर आज मला तुमच्या लिव्हरपेक्षा तुमच्या तोंडाची चिंता जास्त आहे.

आता एक धोका सांगते, तो कुणी फारसा सांगत नाही. वाईट रिपोर्टाने माणूस पितो, ‘गेलंच आहे तर आता कशाला’ म्हणून. पण चांगल्या रिपोर्टानेही पितो, आणि माझ्या अनुभवात जास्त वेळा पितो. लॅबमधून बाहेर पडतानाच ‘सगळं नॉर्मल आहे, म्हणजे बॉडीने सहन केलं, म्हणजे कधीतरी एखादी...’ हे सुरू होतं. लग्नात कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणतो, “रिपोर्ट चांगले आलेत म्हणे, मग बस की!” म्हणून रिपोर्ट घ्यायला एकटे जाऊ नका. जाल त्या दिवशी संध्याकाळी दारू सोडलेल्यांच्या गटाची मीटिंग ठेवा आणि तिथे ‘आज रिपोर्ट नॉर्मल आला’ हे उघड सांगा. जुनी मंडळी त्याचा अर्थ बरोबर ओळखतात.

लिव्हर टॉनिक, ‘डिटॉक्स’चे काढे, कुणीतरी दिलेल्या पुड्या बंद करा. गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. आसवं आणि अरिष्टं तर आंबवूनच करतात, त्यांत दारू असतेच. तुमच्यासाठी ती औषधाच्या बाटलीत असली तरी दारूच. खोकल्याचं औषध घेताना लेबल वाचा. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून ठरलेल्या मात्रेत घ्या. दुखण्याच्या इतर गोळ्यांपेक्षा ती बरी.

मुंग्यांसाठी बी-१२ ची पातळी आणि साखर बघायची. दारूने थायमिन म्हणजे बी-१ संपलेलं असतं, त्यामुळे त्याच्या गोळ्या आठ महिन्यांनी बंद झाल्या असतील तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. नसा फार सावकाश भरून येतात, वर्ष-दीड वर्षही लागतं. धडधडीसाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, एक ईसीजी, आणि दिवसात किती चहा होतो ते मोजा.

आता मन न लागण्याबद्दल. याचं उत्तर ‘इच्छाशक्ती’ नाही, आणि घरचे-बाहेरचे ते म्हणत असतील तर त्यांना हा भाग वाचायला द्या.

आधी गोळ्यांची पिशवी उघडा. डायसल्फिराम, म्हणजे ‘दारू प्यायली तर त्रास होईल’ ती गोळी, अजून चालू असेल तर तिने सुस्ती येते. क्वचित ती लिव्हरलाही त्रास देते, त्यामुळे तिच्यासोबत लिव्हरची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करावीच लागते. मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा. (ती गोळी घरच्यांनी चोरून जेवणात घालायची नसते. जीवावर बेतू शकतं.) झोपेसाठी मेडिकलमधून अल्प्राझोलाम घेत असाल तर ते मला नको आहे. दारू मेंदूत जिथे काम करते तिथेच ती गोळी करते आणि एक सवय जाऊन दुसरी बसते. दारू सुटल्यावर झोप काही महिने, काहींची वर्षभरही तुटक राहते. त्यात वजन वाढलंय, जोरात घोरताय आणि झोपून उठूनही दिवसभर पेंगताय असं असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा. असे लोक ‘मला उत्साह नाही’ म्हणून येतात आणि त्यांना झोपच मिळालेली नसते.

मग नैराश्य. दारू पिताना जी उदासी असते ती पुष्कळदा दारूचीच असते आणि बंद केल्यावर दोन-चार आठवड्यांत निवळते. तुमचे आठ महिने झालेत. एवढ्या काळानंतरही रोजचं सकाळचं उठवत नसेल, पूर्वी आवडायचं त्यातलं काहीच आवडत नसेल, भूक-झोप बिघडलेली असेल, आपण घरावर ओझं आहोत असं वाटत असेल, तर हा वेगळा आजार समजून त्याचे वेगळे उपचार करायचे. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा होत नाही. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. “गोळी घेतली तर मग मी खरा सोबर कसा?” असं मला मीटिंगला जाणारे लोक विचारतात. अशा मीटिंग चालवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एक, बिल विल्सन यांनी १९३४ च्या डिसेंबरात दारू सोडली ती कायमची. आणि तरी चाळीसच्या दशकात त्यांनी बरीच वर्षं तीव्र नैराश्यात काढली. संस्थापकाला होऊ शकतं ते तुम्हालाही होऊ शकतं, त्यात तुमच्या सोब्रायटीची काही चूक नाही.

मरणाचे विचार येत असतील, नुसते ‘झोपेतच गेलो तर बरं’ एवढे जरी, तरी आज घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

नैराश्य नसलं तरी एक कोरडेपणा उरतोच. वर्षानुवर्षं मेंदूतली आनंदाची यंत्रणा रोज दारूने ढोसून चालवली, त्यामुळे मुलाचा निकाल, चांगलं जेवण, पहिला पाऊस यांनी ती हलत नाही. ती सावरते. दारू सुटल्यावर मेंदूत भरपाई होत जाते हे स्कॅनवरही दिसतं, पण महिन्यांच्या गतीने. तोवर ‘मन झालं की करेन’ हा क्रम चालत नाही. आधी करायचं, मन मागून येतं. नैराश्याच्या उपचारात ही पद्धत फार दिवसांपासून वापरतात आणि तिचा उपयोग होतो.

तुमच्या बाबतीत ‘करायचं’ म्हणजे दुकान, आणि इथे मला पत्रात न लिहिलेलं काहीतरी दिसतंय. तुम्ही लिहिलंय, “गेलो तरी नुसता बसून असतो.” गल्ल्याची चावी कुणाकडे आहे? माझा अंदाज, भावाकडे. आणि ते बरोबरच होतं. पिण्याच्या दिवसांत गल्ल्यातून पैसे गेले असणार. पण आता तुम्ही स्वतःच्याच दुकानात पाहुण्यासारखे बसता. गिऱ्हाईक तुम्हाला दर विचारतं आणि भाऊ लांबून उत्तर देतो. उधारीची वही तुम्ही जवळ ओढली की त्याची मान वळते. अशा ठिकाणी कुणालाही मन लागणार नाही. तुमच्या सुस्तीतला बराच भाग मेंदूच्या रसायनातला नसून या स्टुलावरचा आहे.

म्हणून मोठं काही मागू नका, पैशाचं तर आत्ता नकोच. शटर उघडायचं काम मागून घ्या. सकाळी साडेआठला, रोज, तुम्हीच. उघडून झाडून घ्यायचं आणि एक रॅक मोजायचा: आज स्क्रू-खिळे, उद्या बिजागऱ्या आणि कड्या, परवा पीव्हीसीचे एल्बो आणि टी. किती शिल्लक, काय संपत आलंय ते लिहून भावाच्या टेबलावर ठेवायचं. अकरा वाजता घरी यायची मुभा. मन लागलं का हे स्वतःला विचारायचं नाही, वहिनींनीही विचारायचं नाही. कॅलेंडरवर फक्त खूण करायची. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी शटर. घरापासून दुकानापर्यंत चालत जा, म्हणजे वजनाचंही काम होतं. हे महिनाभर टिकलं की दुपारचे दोन तास जोडायचे, त्याआधी नाही. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात दिवसभर बसायला गेलात तर दहाव्या दिवशी पुन्हा अंथरुणात असाल.

वहिनींचं वाक्य तुम्हाला लागलंय, ते साहजिक आहे. पण त्यांच्या बाजूने ऐकलं तर त्यात राग कमी आणि दमणूक जास्त आहे. त्यांनी ठरवलं होतं की दारू सुटली की सगळं संपेल, आणि आता तुम्हाला असं निपचित पडलेलं बघून त्यांना जुने दिवस आठवत असणार. तुमचा प्रत्येक सुस्कारा त्यांना ‘आता हा पुन्हा पिणार’ असा ऐकू येतो. त्यांच्यासाठीही गट असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग आहेत. तुमच्या केंद्रात विचारा, जवळचं काय आहे ते सांगतील. त्यांना तुमच्या बरं होण्यावर पहारा द्यायला पाठवायचं नाही, त्यांचं स्वतःचं बोलायला जाऊ द्यायचं.

पुढच्या फॉलोअपला एकटे जाऊ नका, भावाला सोबत न्या. फायब्रोस्कॅनचा रिपोर्ट, लक्षणांची वही आणि खुणा केलेलं कॅलेंडर तिन्ही बरोबर घ्या. तिथे डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या समोर भावाला विचारा की उधारीची वही कधी हातात घेऊ. तो लगेच हो म्हणणार नाही. “तीन महिन्यांनी बघू” म्हणाला तर ते कागदावर लिहून घ्या, आणि त्या तारखेला पुन्हा विचारा.